लागलेला आंबा आधी

मराठी घरात आंब्याची पेटी आली की लोकशाही संपते. कॉट कुणाची, आजचा पेपर वाचून झाला का, असले प्रश्न कुणी विचारत नाही. कॉटखाली पेपर अंथरले जातात, त्यावर पेंढा पसरतो, पेंढ्यावर आंबे मांडले जातात आणि त्या खोलीचा कारभार घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईकडे जातो. आमच्याकडे तो आईकडे आहे. सकाळी चहाच्या आधी ती वाकून अढी परतते. एकेक आंबा उचलायचा, देठाशी नाक न्यायचं, तळव्यात जरा फिरवायचा आणि निकाल द्यायचा: "हा उद्या." आपण हात लावायला गेलो तर, "दाबू नकोस रे, डाग पडतो."

तसं पाहिलं तर आंबा बाजारातही दाबू नये. पण तिथे प्रत्येक जण दाबतो, आणि आपल्या आधी दहा जणांनी दाबलेलाच आंबा आपल्या हाताला "मऊ लागतोय, तयार दिसतोय" असा वाटतो. जाणकार आधी आंब्याचे खांदे बघतात. देठाच्या दोन्ही बाजूंना फळ भरून वर आलेलं असलं की ते झाडावरच तयार झालेलं. मग वास. वरून पिवळाधमक, पण देठाशी वासच नाही, तर तो कार्बाइडचा प्रताप असू शकतो. कायद्याने बंदी असूनही तो प्रकार संपलेला नाही. "देवगडच ना?" हा प्रश्न मात्र विचारू नये. त्याला आजवर "नाही" असं उत्तर मिळाल्याचं ऐकिवात नाही. कोकणातल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दक्षिणेकडून आलेला आंबा हातगाडीवर चढेपर्यंत देवगडचा रहिवासी झालेला असतो.

आणि एवढं सगळं पारखून घेतलं तरी हापूस शेवटचा डाव स्वतःकडे राखून ठेवतो, तो म्हणजे साका. वरून निर्दोष, वास घमघमणारा, आणि सुरी फिरवावी तर आत बाठ्याभोवती पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. तो बाहेरून ओळखता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका होत नाही. पण हापूसवाल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही. त्याला साक्यासकट हापूसच हवा असतो.

पण माझा खरा मुद्दा अढीतल्या कायद्याचा आहे. सगळ्या मराठी घरांत तो एकच आहे: लागलेला आंबा आधी संपवायचा.

कायद्याला शास्त्राचा आधार आहे, हे मान्य. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि त्या वायूने शेजारची फळंही पिकायला लागतात. अढीचं सगळं तंत्र त्यावरच चालतं. त्यात एखादा आंबा देठाकडून काळा पडून कुजायला लागला, तर तो तिथून उचलायलाच हवा. पण उचलणं वेगळं आणि पानात वाढणं वेगळं. आमच्याकडे दोन्ही एकदमच होतं. आई तो आंबा ताटलीत घेते, काळा भाग सुरीने असा हिशेबाने काढते की पिवळ्याचा कणही वाया जाऊ नये, आणि उरलेल्या चतकोराच्या फोडी करून म्हणते, "बघ, बाकीचा किती छान आहे!" छान असतोही. फक्त प्रत्येक घासाला एक पुसटसा आंबूस वास असतो, ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

शेजारी मात्र केशरी रंगाचे, सालीला नुकतीच एखादी बारीक सुरकुती पडलेले, आजच खावेत असे आंबे शांत पडलेले असतात. ते उद्याचे. किंवा पाहुण्यांचे. उद्या उजाडतो तेव्हा त्यांतल्या दोघांना डाग लागलेला असतो, म्हणून ते दोघे आधी. अशा रीतीने पूर्ण पेटी संपते आणि घरातल्या कुणीही चांगला आंबा चांगला असताना खाल्लेला नसतो.

यावर फ्रिज हा उपाय नव्हे. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर साल काळवंडते आणि तो पुढे धड पिकतही नाही. पिकलेला दोन-चार दिवस राहतो, पण खायच्या आधी बाहेर काढून पाण्यात टाकायला हवा. उष्णता जाते म्हणून, असं आई सांगते; निदान देठाचा चीक तरी नक्की जातो.

लागलेल्या आंब्याचं काय करायचं, याला आपल्याकडे उत्तरं कमी नाहीत. चांगला भाग काढून रसात घाला. रस खरं तर पायरीचा, वर तूप आणि मिरपूड, पण त्यात हापूसचा चतकोर गेला तर पायरी तक्रार करत नाही. बराच गर निघाला तर साखर घालून आटवा. रस काढून झाल्यावर साली आणि बाठे पाण्यात कोळून जिरं-मिरचीची तुपातली फोडणी दिली की सार होतं, आणि ते गरम भातावर ओतलं की रसाची आठवणही येत नाही. म्हणजे काटकसरही होते आणि ताटलीतला तो चतकोरही टळतो.

मृगाचा पाऊस पडला की आंब्याचा भाव उतरतो, आत अळी निघायला लागते आणि हा सगळा वादच मिटतो. तेव्हा दिवस थोडे आहेत. यंदा पेटी उघडाल तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्यातला सर्वांत देखणा आंबा कापा. पाहुण्यांची काळजी करू नका. तेही आपापल्या घरी लागलेला आंबा संपवूनच आलेले असतात.