हिरवं पाणी, हिरवं कार्ड

नवतपा तोंडावर आला की नागपूरच्या आसपासच्या फार्महाऊसांवर रसायनशास्त्राला भलते दिवस येतात. केमिस्ट्री नको म्हणून ज्यांनी अकरावीला कॉमर्स घेतलं, तीच मंडळी आता पंचा गुंडाळून, काचेची नळी उजेडात धरून पाण्याचा रंग निरखतात. पूल बांधून देणाऱ्याने त्यांना फक्त निळा रंग दाखवलेला असतो. त्या निळाईला पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम अशा अटी असतात, हे कळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊन झालेला असतो.

उन्हाचं आणि क्लोरीनचं हाडवैर. भर दुपारी उघड्या पाण्यातलं निम्मं क्लोरीन तासाभरात संपतं. म्हणून ते दिवस मावळल्यावर टाकायचं. पण आमच्या ओळखीचे एक साहेब सकाळी दहाला व्हरांड्यात चहा घेतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुलात काहीतरी पडलेलं त्यांना दिसावं लागतं. त्यामुळे क्लोरीन दहाला पडतं आणि जेवणवेळेपर्यंत सूर्याला पोचतं.

यावर दुकानदाराने टीसीसीएच्या गोळ्या दिल्या. त्यांत सायन्युरिक आम्ल असतं. पाण्यात ते ३० ते ५० पीपीएम असलं की क्लोरीन उन्हात तग धरतं. गंमत पुढे आहे. क्लोरीन खर्च होतं, आम्ल मागे उरतं. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, गोळीगणिक वाढतच जातं. मग एक दिवस नळीत क्लोरीन भरपूर दिसतं आणि पाणी तरीही हिरवं. क्लोरीन हजेरीपटावर आहे, खुर्चीला कोटही टांगलेला आहे, काम तेवढं होत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या साहेबांना हा प्रकार इतरांपेक्षा लवकर कळायला हरकत नव्हती.

"हे हिरवं कसं झालं?" साहेब गरजले.

"रोज टाकून राहिलो ना जी," माळी म्हणाला. तो बागेसाठी ठेवलेला आहे. केमिकल इंजिनिअरचं काम त्याच पगारात. प्रमाण अंदाजपंचे. हिरवं दिसताच त्याने संत्र्याच्या बागेतलं, बोर्डो मिश्रणातून उरलेलं मोरचूद आणून पुलात ओतलं. शेवाळ मेलं, हे कबूल करायला हवं. पण आठवड्याभराने साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र केसांवर हिरवी झाक आली. मॅडमनी क्लोरीनला शिव्या घातल्या. बिचारं क्लोरीन! रंग तांब्याचा होता.

क्लोरीनची बदनामी इथेच थांबत नाही. रविवारी पाहुणे येतात, अंगावर तांब्याभर पाणीही न घेता थेट उड्या मारतात, आणि तासाभराने नाक मुरडून म्हणतात, "क्लोरीन फार टाकता बुवा." तो उग्र वास घाम आणि लघवीशी झटापट केलेल्या क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइनचा. त्यावर इलाज आणखी क्लोरीन टाकणं. हे समजावून सांगितलं की पाहुणे गप्प होतात आणि आपापल्या पोरांकडे बघायचं टाळतात.

बोअरच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. पीएच चढला की क्लोरीन लुळं पडतं, ७.५ ला निम्मं कामाचं, ८ ला जेमतेम पाव. मग ॲसिड आणा. साहेबांच्या पंपखोलीत ॲसिडचा कॅन, ब्लीचिंग पावडरचं पोतं आणि टीसीसीएचा डबा एकाच फळीखाली गुण्यागोविंदाने नांदतात. पहिल्या दोघांची गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू, आणि एकाच ओल्या मगाने पावडर आणि गोळ्या काढल्या तर भडका. दारावर लिंबू-मिरची आहे.

आता हिशेब. पूल आठ मीटर बाय चार. रोज सेंटीमीटरभर पाणी उडालं तर ३२० लिटर गेलं. जातं ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात आणि टाइल्सवर पांढरे थर चढतात. वर टँकर ओतला की आणखी क्षार. साचलेल्या सायन्युरिक आम्लावर तर पाणी बदलण्यावाचून खात्रीचा उपाय नाही. सव्वा मीटर खोलीचा अर्धा पूल उपसायचा म्हणजे २० हजार लिटर, तेही ऐन नवतप्यात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या एका वाघिणीत ५० हजार लिटर होतं. साहेबांनी ती बातमी टीव्हीवर पाहिली होती. फार वाईट वाटलं होतं त्यांना.

टँकर भरतो तो गावच्या विहिरीवर. आणि गावचा जलसुरक्षक म्हणजे आपला हाच माळी. टीसीएल पावडर टाकायची, ओटी चाचणी घ्यायची, नळाच्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम क्लोरीन उरलंय का बघायचं, हे त्याचं दुसरं काम. पुलाची चाचणी तो दोनदा करतो, कारण साहेबांना व्हॉट्सॲपवर फोटो लागतो. ग्रामपंचायतीला रजिस्टरमध्ये सही पुरते. सर्वेक्षणात गावाला हिरवं कार्ड मिळालंय, म्हणजे पाण्यापासून धोका कमी. ते सरपंचांच्या खोलीत फ्रेम करून लावलंय.

परवा माळ्याने साहेबांचंच किट नेऊन विहिरीचं पाणी तपासलं. नळीत रंगच चढला नाही. त्याने धावत येऊन सांगितलं, "साहेब, गावच्या पाण्यात क्लोरीन नाहीच जी. लोक तसंच पिऊन राहिले."

साहेब खुर्चीत ताठ बसले. "अरे बापरे! मग आजच्या टँकरला दुप्पट डोस टाक. पाहुणे यायचेत."