डेट्रॉईट, मार्गे मागचं चाक

अमेरिकेतले माझे पहिले अकरा दिवस एका मोटारीच्या पोटाखाली गेले. नायगाऱ्याला भिजायचं म्हणून बायकोने पुण्याहून रेनकोट आणला होता. तो गॅरेजच्या फरशीवर अंथरून मी त्यावर पाठ टेकत असे.

मोटार भाच्याची. डेट्रॉईटजवळ तो दिवसभर लॅपटॉपवर विजेच्या गाड्या करतो आणि रात्री प्रायश्चित्त म्हणून या १९६९ च्या प्लिमथ रोडरनरची सेवा करतो. गाडी सतरा फुटी, इंजिन ३८३ घनइंची, म्हणजे सव्वासहा लिटर. जवळजवळ आठ मारुती ८०० एका बॉनेटखाली! पॉन्टियॅकच्या जीटीओने १९६४ साली जे घराणं गाजवलं, त्यातलीच ही: अंग मधल्या मापाच्या गाडीचं, इंजिन थोरलीचं. आणि एवढ्या ३३५ घोड्यांना मागे चाकं कसली, तर साडेपाच इंची रिमची. पैलवानाच्या पायात बाळाचे बूट. भाच्याने जोरात पाय दाबला की चाकं जागच्या जागी गरगरत, धूर निघे, शेजारची कुत्री भुंकत आणि गाडी आपली तिथल्या तिथे.

"मामा, मागे आठ इंची रिम आणि २७५ चे टायर टाकायचे. वुडवर्डच्या आधी."

वुडवर्ड म्हणजे वुडवर्ड ॲव्हेन्यू. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. मला वाटलं, चाक बदलणं ते काय? चार नट काढायचे, चार लावायचे. इथे नट पाच निघाले, आणि अंदाज तिथूनच चुकायला सुरुवात झाली.

उजवं चाक सहज सुटलं. डावं हलेना. मी पाना लावला, जोर केला, शेवटी पान्यावर उभाच राहिलो. कट्ट! बोल्टच तुटून हातात आला. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून सगळं बघत होते. गाड्यांच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. ते शांतपणे आले आणि तुटक्या बोल्टच्या टोकावर कोरलेला 'एल' दाखवला. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लरवाल्यांनी १९७० पर्यंत डाव्या चाकांना उलटे आटे ठेवले होते, चाक फिरता फिरता नट सैल होऊ नयेत म्हणून. म्हणजे मी अर्धा तास तो नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. आजोबांनी खिशातून तसलाच बोल्ट काढून दिला. असला बोल्ट खिशात घेऊन हिंडणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

मग मापं. आठ इंची रिम आठ इंचांची नसते, हे मला तिथे कळलं. टायर बसतो त्या आतल्या कडांमधलं अंतर आठ; बाहेरून बाहेर धराल तर साधारण नऊ. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हा कार्पेट, तो बिल्ट-अप. फरक इतकाच की इथे जाहिरातीत लहान आकडा सांगतात.

पण खरा प्रश्न रुंदीचा नसतो, ती रुंदी कुणीकडे सरकणार याचा असतो. चाक आत गेलं तर स्प्रिंगच्या पाट्यांना घासणार, बाहेर आलं तर मडगार्डच्या ओठाला. रिमवर आडवी पट्टी ठेवून नट बसतात त्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजायची. ती साडेचार इंच हवी, असं भाच्याचं गणित. "आणि अर्धा इंच मोकळा हवा," आजोबा म्हणाले. गाडी वळते तेव्हा पाटेसुद्धा जरा कुशीवर वळतात. तेरा हजार किलोमीटर ओलांडून मी आता अर्ध्या इंचाच्या प्रवासाला लागलो होतो.

चाकं चढली. उभी गाडी काय दिसत होती! पण रिकामी. भाचा अडखळत म्हणाला, "मागे जरा वजन टाकून बघू." बासमतीची चाळीस पौंडी दोन पोती झाली. पुरेना. मग गणपतीच्या मीटिंगला सगळ्यांनी याच गाडीतून जाऊ या, असा प्रस्ताव आला. मागे उजवीकडे आमची ही, डावीकडे भाचेसून, मध्ये पोती. गाडी घराच्या उतारावरून रस्त्यावर उतरली मात्र, मागून खर्रर्र! आणि जळक्या रबराचा वास.

"कुठल्या बाजूने आला रे आवाज?" हिने विचारलं.

"उजव्या," भाचा म्हणाला. तो अजून लहान आहे.

मीटिंगला ही पुढे बसून गेली आणि येताना दुसऱ्यांच्या गाडीतून आली. घरी तीन दिवस भात झाला नाही.

चौथ्या दिवशी आजोबा बेसबॉलची बॅट घेऊन आले. मला वाटलं, आता काच फुटणार. पण त्यांनी ती टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत आडवी सारली आणि भाच्याला गाडी तसूतसूने पुढेमागे ढकलायला लावली. बॅट लाटण्यासारखी फिरत गेली आणि मडगार्डचा ओठ आत दुमडत गेला. रंग तडकू नये म्हणून पत्रा आधी गरम करायचा होता; ते काम मी भाचेसुनेच्या हेअर ड्रायरने केलं. तो ड्रायर आता गॅरेजातच असतो. शेवटी आजोबांनी टायरच्या वरच्या फटीत हात घातला. दोन बोटं गेली. भाच्याचा चेहरा पाहिला आणि स्वर्ग दोन बोटं उरणे म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा मोजून पाहिलं.

शनिवारी वुडवर्डवर निघालो. नवे टायर उंच, त्यामुळे काटा ६५ दाखवतो तेव्हा गाडी सत्तरीला असते. मी काट्याकडे बघणं सोडून दिलं. हिला पुढची जागा दिली होती, पण ही हट्टाने मागे, उजवीकडे बसली. दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. चाकांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांना हॉर्न ऐकायचा होता. कार्टूनमधल्या रोडरनर या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव-चित्र वापरायला प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले होते, आणि हॉर्नही त्याच्यासारखा बीप-बीप करणारा बसवला. पाच पाच वर्षांची पोरं ओरडत होती, भाचा वाजवत होता.

डावीकडे जायचं तर या रस्त्यावर थेट डावीकडे वळता येत नाही. पुढे जाऊन दुभाजकाच्या खिंडीतून उलट फिरायचं. भाच्याने चाक वळवलं. सतरा फुटी धूड उजवीकडे झुकलं. आम्ही दोघांनी श्वास धरला. भाच्याने हॉर्नवरचा हात काढला.

काहीच आवाज आला नाही.

मागून ही म्हणाली, "मग? आता कोणाचं वजन जास्त म्हणायचं?"