बंदुकीची आंघोळ

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या संध्याकाळी आमच्या शिराळ्याच्या कट्ट्यावर प्रत्येक जण एक डोळा मिटून बोलत होता. राधानगरीच्या कांबळवाडीचा पोरगा, म्हणजे वारणेच्या पलीकडचा, जवळजवळ आपलाच. श्वास कसा रोखायचा, घोडा कसा दाबायचा, सगळ्यावर चर्चा झाली. "पर त्यानं नळी कवा पुसली?" हा प्रश्न एकट्या तात्यांना पडला. कट्टा पांगायला तेवढं पुरलं.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी आहे. चांदोलीच्या बाजूने उतरणाऱ्या रानडुकरांना तिने आजवर फक्त आवाज ऐकवला आहे. शिराळा म्हटलं की बाहेरची माणसं नागांची चौकशी करतात. इथे एक माणूस रविवारची दुपार बंदूक उकलून बसतो, हे कोणी विचारत नाही.

मला हा रोग कॉलेजात एन.सी.सी.मुळे जडला. पॉइंट बावीसची रायफल, पालथं पडून झाडायच्या पाच गोळ्या. ते काम चहा निवायच्या आत उरकतं. मग उस्ताद चिंध्या वाटतात आणि उरलेला दिवस त्यांचा असतो. दोरीच्या टोकाचं पितळी वजन मागच्या बाजूने नळीत सोडायचं, दोरीच्या फासात चिंधी अडकवायची आणि तोंडाकडून एका दमात ओढायची. मध्ये थांबलं की चिंधी अडकते. दोरी तिरपी ओढली तर ती नळीच्या तोंडाला घासते, आणि तोंड झिजलं की नेम गेला. पहिली चिंधी काळी निघते, दुसरीही काळी, पुढे राखाडी. पांढरी निघाली की उस्ताद बोल्टकडे बोट दाखवतात. तिथल्या खाचेत दारूची काजळी आणि शिशाचा चुरा बसलेला असतो. शेवटी तपासणी. उघड्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, पुढून डोळा लावायचा. नखावरून परतलेल्या उजेडात नळीतला कण न् कण दिसतो. कॉलेजातल्या कुठल्याही तोंडी परीक्षेत माझ्या अज्ञानावर एवढा प्रकाश पडला नव्हता.

आणि हे सगळं आमच्या तालुक्यात. इथे मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस पडायच्या आधीच, कोरड्या मातीत कुरीने भात पेरतात. धूळवाफ पेरणी म्हणतात तिला. त्या दिवसांत उभा तालुका हवेत असतो. ती धूळ उंबरा ओलांडते, कपाटात शिरते, बंद डब्यातल्या साखरेवर बसते. बंदुकीची नळी तर दोन्हीकडून उघडी.

नवशिक्याला वाटतं, भरपूर तेल ओतलं की झालं. तात्यांनी राजस्थानातल्या वाळूत नोकरी काढली आहे, त्यामुळे तेलाच्या बाबतीत ते काकूंपेक्षा चिक्कू. जास्त तेलावर धूळ बसते आणि आत पिठलं शिजतं. "तेल लावायचं आणि पुसून काढायचं. बोटाला कळलं पायजे, डोळ्याला न्हाई." कोरडी ठेवावी तर पंधरा दिवसांत मृग लागतो, हवा ओली होते आणि गंज धरतो. मे महिन्यात धुळीशी भांडा, जूनमध्ये पाण्याशी.

पूर्वी तर आणखी छळ होता. जुन्या थ्री नॉट थ्रीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की नळीत क्षार उरायचा. तो हवेतला ओलावा ओढायचा आणि पोलाद खायचा. तेलाने तो हटत नाही, पाण्यात मात्र विरघळतो. म्हणून फायरिंगनंतर नळीतून उकळतं पाणी ओतायची रीत होती. फौजेत बंदुकीला आंघोळ कढत पाण्याची आणि माणसाला थंड पाण्याची, ही तात्यांची तक्रार अजून कायम आहे.

घरात या स्वच्छतेचा भार काकूंवर पडतो. मऊ सुती कापड हवं म्हणून त्यांची जुनी पातळं एकेक करून गेली. दात घासायचा ब्रश कोणाचा आणि बंदुकीचा कोणता, हा वाद मिटवायला त्यांनी शेवटी एकाला लाल दोरा बांधला. पण "आधी रिकामी हाय का बघ" हे वाक्य आता काकूच तात्यांना बजावतात, बंदूक आठवडाभर कुलपात असली तरी. तात्याही मुकाट्याने उघडून दाखवतात. त्या घरात सुभेदाराच्या वरचा हुद्दा कोणाचा, हे तेव्हा कळतं.

एवढी राखलेली बंदूक वर्षातून एकदा मात्र तात्यांच्या देखत घाण केली जाते. खंडेनवमीला. पाटावर दुनळी, शेजारी कोयता, विळा, खुरपं. काकू मनोभावे हळद-कुंकू वाहतात, अक्षता टाकतात, वर झेंडू. हळदीइतकी बारीक धूळ रोहिणीतल्या शेतातही उडत नाही. ती घोड्यांच्या फटीत उतरते, अक्षता बिजागरीत जाऊन बसतात. राजस्थानच्या वाळूला पुरून उरलेला माणूस हात जोडून, ओठ आवळून बघत असतो. दसऱ्याला माणसं सोनं वाटत हिंडतात, तेव्हा तात्या परसात टाचणीने बंदुकीतला एकेक तांदूळ वेचत असतात.

तेव्हा घरी परवान्याची बंदूक असलेल्या तमाम माताभगिनींना तात्यांच्या वतीने विनंती: कुंकू दस्त्याच्या लाकडाला लावा. देवीला तेवढं चालतं.