‘घरी विचारून सांगतो’ : नवशिक्या ख्रिस्ती यजमानासाठी

ख्रिस्ती माणसानं धैर्य दाखवावं की सोय पाहावी, हा प्रश्न प्रवचन ऐकताना अवघड वाटतो. दारात कुणी उभं राहिलं की एकदम सोपा होतो. सोय पाहावी. ती रीतसर कशी पाहावी, याचा उत्तम कित्ता आपल्या वडोदऱ्यातच १९१७ साली घालून दिलेला आहे. नवशिक्यानं तोच गिरवावा.

आधी आमंत्रण देऊन ठेवावं; पाहुण्याला गरज नसते तेव्हा. ‘आमच्याकडेच राहा की’ म्हणायला पैसे पडत नाहीत. भीमराव आंबेडकर परदेशी शिकून आले आणि संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा इथल्या एका ख्रिस्ती स्नेह्यानं त्यांना असंच राहायला बोलावलं होतं. ते गेले नाहीत. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले: जेवणासकट दिवसाला दीड रुपया, वरच्या मजल्यावर फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या यांच्या पसाऱ्यात एकटे, रात्री उजेडाला एक कंदील. इथवर यजमानाच्या खात्यावर पुण्य जमा, खर्च काही नाही.

मग गरज दारात येते. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळच्या आत जागा खाली कर, म्हणाले.

ही घटका नाजूक. कच्चा यजमान इथं ‘नाही’ म्हणतो, नाहीतर ‘या’ म्हणतो. ‘नाही’नं आपण वाईट ठरतो, ‘या’नं शेजारीपाजारी बिघडतात. त्या दिवशी एका हिंदू मित्रानं सांगितलं, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. कारण वाईट नाही, पण त्यात फट आहे. नोकर घरातच असतात, त्यांना बोलावून विचारता येतं. ख्रिस्ती स्नेह्याचं काम पक्कं. बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. यातली कारागिरी बघा. ती गावात नाही, म्हणून आज उत्तर नाही. आणि उत्तर देणार ती, म्हणून आपण वाईट नाही. जोडपं मूळचं ब्राह्मण. धर्मांतरानंतर नवरा विचारानं उदार झाला, बायको सोवळ्यातच राहिली, असं बाबासाहेबांनी पुढं लिहून ठेवलं. उत्तराचा अर्थ त्यांना मागाहून कळला होता. स्नेह्याचं नाव मात्र लिहिलं नाही. (एवढं सौजन्य दर पाहुण्याकडून मिळेलच असं धरून चालू नये.)

बायकोच्या नावावर खपवताना जरा जपून. ती लक्ष्मीबाई टिळकांसारखी निघाली तर पंचाईत. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५चा. लक्ष्मीबाईंचं सोवळं त्यानंतरही चालूच होतं, आणि मग एके दिवशी बाईंनी ते आपलं आपण सोडलं. १९०० साली बाप्तिस्माही घेतला. ज्या घरात त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं जातं, तिथं विचारायला जाऊच नये. ‘हो’ येण्याचा धोका असतो. रेव्हरंड टिळकांनी तर त्याच १९१७ साली मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला. असल्या मंडळींचे फोटो भिंतीवर लावावेत, कित्त्याला घेऊ नयेत.

सरावासाठी मोठा प्रसंग लागतो असं नाही. माझी वरची खोली रिकामी होती. दर रविवारी चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका तरुणानं ती भाड्यानं मिळेल का विचारलं. मी आधी त्याचं आडनाव विचारलं, मग गाव, आणि मग अगदी सहज म्हणालो, ‘घरी विचारून सांगतो.’

घरी मी एकटाच असतो.

पाहुण्याचं पुढं काय झालं, याची चौकशी यजमानानं करायची नसते. तरी कुणाला हवीच असेल तर सांगतो. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोवर कमाटीबागेत बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आठला तिथून उठून पाहुणा घोडागाडीनं धर्मशाळेत गेला, सामान खाली आणलं. पारशी नावावर ठेवून घेणारा रखवालदार बाहेर आला. आपल्यामुळंच हे झालं, असं त्याला वाटत होतं. दोघांनाही एक शब्द बोलता आला नाही.