बाळसेदार अक्षरं

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे निवृत्तीनंतर संगणक आला आणि संगणकाबरोबर फॉन्ट आले. तोवर बोर्डावरच्या नोटिसा रीतसर रुक्ष असत. मग एका सकाळी लिफ्टशेजारी झळकलं, ‘उद्या पाणी येणार नाही’. अक्षरं इतकी गुबगुबीत आणि आनंदी, की तळमजल्यावरच्या काकूंनी लांबूनच विचारलं, “काय हो, बारसं कुणाकडे?” पुढे त्याच टायपात थकबाकीदारांची यादी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका थकबाकीदाराने तिच्यासमोर उभं राहून सहकुटुंब सेल्फी काढला. पैसे अजून भरलेले नाहीत.

टाइप बिचारा निर्दोष आहे. त्याचं नावच ‘मोदक’. मुंबईच्या ‘एक टाइप’साठी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला आणि फुकट वापरायला खुला ठेवला. आपल्याकडे फुकट मिळालं की पोट भरेपर्यंत वाढून घेतात, त्याला ते दोघे काय करणार?

देवनागरीला इतकं बाळसं आणणं हे खायचं काम नाही. वर शिरोरेषा, तिच्या डोक्यावर वेलांट्या, मात्रे, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांची दाटी. खरी पंचाईत पोटात. ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला फरक एका तिरक्या रेघेचा. अक्षर जाड करत गेलं की पोटातली पोकळी बुजते, रेघ दिसेनाशी होते आणि ‘बबन’चा ‘ववन’ होतो. मोदकमध्ये या पोकळीच्या जागी बारीक पांढऱ्या चिरा ठेवल्या आहेत. अक्षर ओळखू येतं ते तेवढ्यावर. मोठ्या आकारात पाहा, झकास दिसतं. हेच बारीक आकारात, सेक्रेटरींच्या शाई सांडणाऱ्या प्रिंटरवर काढलं, की चिराही गडप.

या गोलमटोल घराण्यातला सर्वांत नामवंत पूर्वज शिकागोचा. ऑस्वाल्ड कूपर नावाच्या गृहस्थाने घडवलेला ‘कूपर ब्लॅक’ 1922 साली बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप-ओतशाळेने बाजारात आणला. त्याला धारदार कोपरा म्हणून नाही. जिथे टोक यायला हवं तिथे गोलाई. इंग्रजी ‘ओ’च्या पोटातली फट तर मागे कललेली, आग्रहाची शेवटची जिलबी पोटात गेल्यावर भिंतीला टेकलेल्या व्याह्यांसारखी. दिसायला सुस्त, पण कामाला दणकट. शाई पसरो, कागद हलका असो, गोल टोक गोलच राहतं. नाजूक टायपाचे अशा वेळी हाल कुत्रा खात नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत त्याने तिकडे धुमाकूळ घातला. लेट्रासेटच्या कागदावरून घासून उतरवा, टी-शर्टावर इस्त्रीने चिकटवा, तो कुठेही बसला. 1966 साली बीच बॉईज या बँडच्या ‘पेट साउंड्स’ अल्बमच्या कव्हरवर तो आला. त्या कव्हरवर बँडमधली मंडळी शेळ्यांना खाऊ घालत आहेत. त्या फोटोला दुसरा कुठलाही टाइप चालला असता असं मला वाटत नाही. बीबीसीने ‘डॅड्स आर्मी’ या म्हाताऱ्या सैनिकांवरच्या विनोदी मालिकेच्या नामावलीला तोच वापरला आणि पुढे ‘ईझीजेट’ या विमानकंपनीने विमानावर रंगवला. तिकीट स्वस्त आहे हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे फॉन्टच्या आधी माणसं होती. कमल शेडगे मराठी नाटकांची नावं हाताने काढायचे आणि अक्षराला किती अंग द्यायचं हे नाटकाचा स्वभाव पाहून ठरवायचे. आता अक्षराचं वजन माणसाच्या वजनावर ठरतं. फ्लेक्सच्या दुकानात कान देऊन उभं राहिलं तर कळतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बोर्ड पडद्यावर असतो, मागे दोन कार्यकर्ते.

“दादा, भाऊंचं नाव अजून जाड होईल का?”

“आता जाड केलं तर बंटीचं वंटी होईल.”

“होऊ द्या. फोटो आहे ना!”

सध्या ‘रेट्रो’च्या नावाखाली हे गोलमटोल घराणं पुन्हा फॉर्मात आहे. मिसळीच्या हॉटेलांच्या पाट्या, बालनाट्यांच्या जाहिराती, शेंगदाणा चिक्कीची पाकिटं, सगळीकडे गुटगुटीत अक्षरं. तिथे ती शोभतात. ‘मिसळ’ हा शब्द बारीक, काटकुळ्या टायपात लिहिला तर तर्रीवर विश्वासच बसत नाही. पण दोन-तीन शब्दांत हौस फिटली पाहिजे. काहींना ती आवरत नाही. मध्यंतरी एक निमंत्रणपत्रिका हाती आली, ‘श्रीकृपेकरून’पासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत एकाच जाड टायपात. पत्रिका कसली, शाईचा डाग. मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा, यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले.

तेव्हा पत्रिका छापायला टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती. वधूवरांची नावं हवी तेवढी जाड करा, तुमचा आनंद आहे. कार्यालयाचा पत्ता आणि जेवणाची वेळ मात्र साध्या, सडपातळ टायपात घाला.