चौकशीकाका

आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारातून आत आलं की पहिलं टेबल काकांचं. टेबलावर पावतीपुस्तक, शाईचा पॅड, रबरी शिक्का आणि पत्र्याची एक पाटी : 'चौकशी'. ही पाटी काकांनी स्वतःच्या पैशानं रंगवून घेतली होती. मालकांचे ते सख्खे चुलते. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं चौकशीच्या खिडकीत गेली. घरी बसून माणूस गंजेल म्हणून पुतण्यानं त्यांना फी गोळा करायला इथे बसवलं. काकांनी फी गोळा केली, पण खिडकी काही त्यांची सुटली नाही. समोरच्याशी बोलताना ते मान थोडी वाकवून, मध्ये गज असल्यासारखे बघायचे.

साल २००३. साताऱ्यात स्टँडजवळ पहिला मजला, आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू. मी तिथे व्हिज्युअल बेसिक शिकवायचो. ही भाषा १९९१ साली आली, आम्ही शिकवायचो ती सहावी आवृत्ती १९९८ची. डॉट नेटचा बोलबाला सुरू झाला होता, पण आमच्या मशीनना सहावीच झेपायची. माउसनं एक बटण ओढून फॉर्मवर ठेवायचं, त्यावर दोनदा टिचकी मारायची, आत दोन ओळी लिहायच्या, झाला प्रोग्राम. पहिल्या तासाला पोरांना वाटायचं, आपण इंजिनिअर झालो. दुसऱ्या तासाला वाटायचं, आपल्यावर कोणीतरी करणी केलीय.

नवशिक्याची तक्रार जगात एकच असते. "सर, चालंना." काय चालंना, कधीपासून चालंना, काही नाही. मी खुर्ची ओढायचो, कीबोर्ड ताब्यात घ्यायचो आणि दोन मिनिटांत दुरुस्त करून द्यायचो. पोरगं "हां हां, कळलं" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक घेऊन हजर. एका दुपारी मी जेवायला गेलो होतो. परत आलो तर जिन्यातच आतलं बोलणं ऐकू आलं. कोरेगावचा एक पोरगा काकांच्या टेबलापुढे उभा होता.

"काका, चालंना."

"काय चालंना?"

"प्रोग्राम."

"निघाला कुठनं?"

"आँ?"

"निघाला कुठनं, जाणार कुठं, मधी अडला कुठं? खिडकीत येऊन 'गाडी कधी' विचारतोस होय? अरे, कुठली गाडी?"

पोरगा चाचपडत सांगायला लागला. दोन खोकी आहेत, दोन्हीत आकडे टाकायचे, बटण दाबलं की बेरीज यायला पाहिजे. १० आणि २० टाकले, तर आले १०२०.

काका म्हणाले, "म्हणजे दहाचं तिकीट आणि वीसचं तिकीट टाचणीनं जोडलंस. भाडं कुठं मिळवलंस?"

"नाही काका, तिकिटं नाहीत, आकडेच टाकलेत... म्हणजे टाकले आकडे, पण खोक्यात जाऊन त्याची अक्षरं..." पोरगा तोंड उघडं ठेवून थांबला आणि मशीनकडे पळाला. खोक्यात टाइप केलेलं सगळं व्हिज्युअल बेसिकच्या लेखी अक्षरंच असतं. आधी 'व्हॅल' लावून त्याचा आकडा करायचा, मग बेरीज. हे मी त्याला तीनदा सांगितलं होतं. काकांनी एकदाही सांगितलं नाही, कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. तरी चौथ्यांदा ती चूक झाली नाही.

त्या दिवसापासून माझी गिऱ्हाइकं तुटायला लागली. काकांच्या टेबलापुढे रांग लागायची. रांग म्हणजे खरोखरची. मध्ये घुसलेल्याला काका मागे पाठवायचे. त्यांचा दुसरा नियम असा, की 'एरर आला' म्हणायचं नाही. आला तो काय म्हणाला, ते आकड्यासकट कागदावर उतरवून आणायचं. सगळ्या नवशिक्यांना एक खोड असते. चौकट उमटली की ती न वाचता ओके दाबायचं, जणू वाचलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. काका म्हणायचे, "पाटी न वाचता चढणारा माणूस निघतो मेढ्याला आणि उतरतो वाईला. वर कंट्रोलरलाच शिव्या देतो."

मग पोरं चिठ्ठ्या घेऊन यायची. एका चिठ्ठीवर ९१ नंबर आणि पुढे लांबलचक इंग्रजी. काकांनी ती एकेक अक्षर लावत वाचली आणि मला हाक मारली, "मास्तर, एक्क्याण्णव म्हणजे काय?" मी सांगितलं, की वस्तूचं नाव ठरवून ठेवलंय, पण त्या नावावर वस्तू अजून दिलेलीच नाही, 'सेट' लिहायचा राहिलाय. काकांनी मान डोलावली. "म्हणजे पाटी लागली, गाडी डेपोतनं आलीच न्हाय." पुढे कुणाचाही ९१ आला की ते वर न बघता म्हणायचे, "डेपोत विचार, गाडी सोडली का."

आता कुणाला वाटेल, काका मोठे ज्ञानी. अजिबात नाही. पहिले दोन महिने 'फॉर्म' म्हणजे प्रवेशाचा फॉर्म अशी त्यांची समजूत होती. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, फॉर्म लोड होईना," तर काका म्हणाले, "किती फॉर्म आहेत? दोन खेपा कर." तिनं त्यांना समजवायला घेतलं, की फॉर्म म्हणजे खिडकी, ती उघडताना आधी हे होतं, मग ते होतं, मग यादी भरली जाते, आणि यादीची फाइल तर आपण अजून उघडलेलीच... आणि गेली पळत. काकांचा प्रश्न चुकला तरी चालायचं. उलट तो जितका चुकायचा तितकं पोरांना नीट सांगावं लागायचं, आणि नीट सांगताना खड्ड्यात स्वतःचाच पाय जायचा.

शिकवता शिकवता मीही थोडं त्यांच्या भाषेत बोलायला लागलो. एफ-५ दाबलं की प्रोग्राम धाडकन सुटतो, एफ-८ दाबलं की एकेक ओळ थांबत जातो, आणि एफ-९नं हव्या त्या ओळीवर थांबा लावता येतो, असं मी काकांना एकदा दाखवलं. काका खूश. "म्हणजे एफ-५ विनाथांबा, एफ-८ सर्व थांबे." मग मशीनकडे बोट दाखवून मला म्हणाले, "तुमची पोरं विनाथांब्यात बसतात आणि मधल्या गावाला उतरायचंय म्हणून बोंबलतात."

एकाच्या बटणाचं काम अचानक बंद पडलं. सगळं लिहून झाल्यावर त्यानं बटणाचं नाव बदलून चांगलं ठेवलं होतं, पण आतला मजकूर जुन्याच नावाखाली पडून होता. बटण दाबलं की एरर नाही, काम नाही, नुसती शांतता. काकांनी विचारलं, "काल चालत होतं, मग आज काय बदललंस?" "काहीच नाही." "काहीच नाही म्हणणाऱ्याचंच काहीतरी असतं. गावाचं नाव बदललंस का?"

पाटणच्या पोराचा प्रोग्राम क्लासमध्ये चालायचा, गावाकडे ७६ नंबर द्यायचा, पत्ता सापडत नाही म्हणून. त्यानं पत्ता लिहिला होता इथल्या डी ड्राइव्हचा, आणि गावच्या मशीनला डी ड्राइव्हच नव्हता. काका म्हणाले, "इथं तुझी गाडी पाच नंबरला लागते म्हणून गावच्या थांब्यावर पाच नंबर फलाट शोधशील? तिथं एक झाड आहे फक्त." प्रोग्राम स्वतः जिथे ठेवलाय तिथूनच फाइल शोधायची सोय 'ॲप डॉट पाथ'मध्ये आहे. ती पोरानं त्याच संध्याकाळी लावली.

दुसऱ्या एकाची नवी फाइल बनेना. परवानगी नाही म्हणायचा, ७० नंबर. खिडकी बंद करण्याऐवजी त्यानं ती नुसती लपवली होती. पडदा साफ, पण टास्क मॅनेजरमध्ये जुनाच प्रोग्राम बसलेला. काकांना चिठ्ठी दाखवून तो म्हणाला, "बंद केलाय हो मी." काका म्हणाले, "फलाटावर दिसंना म्हणजे गेली असं न्हाय. मुक्कामी असंल."

रहिमतपूरच्या मुलीची केस मात्र गाजली. वडिलांच्या दूध संकलनाचा हिशेब तिनं प्रोग्रामात घातला होता. 'एकूण' दाबलं की वर्षभराच्या नोंदी वाचायला लागायचा, खिडकी पांढरी पडायची आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. कितीही टिचक्या मारा, हूं नाही की चूं नाही.

"गाडी कोण चालवतंय?" काकांनी विचारलं.

"प्रोग्रामच की."

"आणि तिकिटं?"

"तीबी तोच."

"मग ड्रायव्हर तिकिटं फाडत मागच्या शिटापर्यंत गेलाय. तू बेल मारून काय उपयोग? स्टिअरिंगवर हाय कोण?"

मी मध्ये पडलो. 'डू-इव्हेंट्स' घाल म्हटलं, म्हणजे शंभरेक नोंदी झाल्या की प्रोग्राम मान वर करून बघेल, कुणी हाक मारतंय का. काकांना हे मुळीच पटलं नाही. "दर दहा तिकिटांमागं पुढं येऊन रस्ता बघून जाणारा ड्रायव्हर! याला मी ड्युटी देणार न्हाय." आणि झालंही तसंच. प्रोग्राम मान वर करून बघायला लागला, तेव्हा मुलीनं अधीरपणे बटण पुन्हा दाबलं. पहिली बेरीज अर्ध्यात असताना दुसरी सुरू झाली आणि दूध दुप्पट भरलं. वडील आनंदले, डेअरी आनंदली नसती. शेवटी काकांनीच विचारलं, "विनावाहक गाडी कशी चालते?" ती म्हणाली, "तिकिटं स्टँडवरच फाडून घेतात, मग..." आणि पळाली. तिनं रोजची बेरीज नोंद करतानाच जतन करायला सुरुवात केली. वर्षाच्या शेवटी मोजायला उरल्या तीनशे पासष्ट ओळी.

एक हुशार पोरगा छाती काढून यायचा, "माझ्या प्रोग्राममध्ये एररच येत नाही." काकांनी विचारलं, "तक्रारवही कुठाय?" "ठेवलीच नाही." "मग तक्रार येईल कशी?" मी बघितलं तर प्रत्येक ठिकाणी पहिली ओळ 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे काहीही झालं तरी झालंच नाही असं समजायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. फ्लॉपी न घालताही त्याचा प्रोग्राम 'माहिती जतन झाली' असं आनंदानं सांगायचा. काका म्हणाले, "दार निखळून रस्त्यात पडलं तरी हा डबल बेल देणार."

पुढे कधीतरी मला कळलं, की अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकात याच युक्तीचा उल्लेख आहे. तिकडे टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि आपली अडचण त्याला ओळीओळीनं समजावून सांगतात. सांगता सांगता चूक सापडते. ठीक आहे. पण बदक रांग लावत नाही, आणि उलट प्रश्न विचारून अपमान करत नाही.

आता माझी गोष्ट. बारावीचा निकाल लागल्यानंतरचा जूनचा सोमवार, प्रवेशाला ही गर्दी. फीच्या पावत्यांचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला, वर्षभर बिनबोभाट चाललेला. दुपारी बाराला तो बंद पडला. चौकट उमटली, मी ओके दाबलं, प्रोग्राम नाहीसा. पुन्हा उघडला, पावती टाकली, चौकट, ओके, नाहीसा. पालक घड्याळं बघायला लागले. मी तडक काकांच्या टेबलाशी गेलो.

"काका, चालत नाहीय."

"रांगेत या, मास्तर."

पुढे दोन पालक होते. ते गेल्यावर काकांनी मान वाकवली. "काय चालत न्हाय?"

"पावतीचा प्रोग्राम."

"एरर काय म्हणाला?"

मी गप्प. दोनदा आला होता, दोनदा मी ओके दाबलं होतं. रांगेतली पोरं माझ्याकडे बघत होती.

"बरं, कुठपर्यंत चालला?"

"अकरा पावत्या झाल्या. बाराव्याला अडतो."

"बारावा पोरगा वाईट आहे का?"

"नाही हो. फी सगळ्यांची सारखीच, २८०० रुपये."

"मग अकरा बसेपर्यंत ठीक, बारावा चढला की गाडी बंद. अकरांचे झाले किती?"

"तीस हजार आठशे."

"बाराव्यानं?"

"तेहेतीस हजार सहाशे. पण काका, पैशाचा काही संबंध नाही, नुसती दिवसाची एकूण रक्कम..."

"गाडीत शिटा किती?"

"शिटा कसल्या? एकूण रक्कम मी इंटिजरमध्ये ठेवलीय, त्यात बत्तीस हजार सातशे सदु..."

सदुसष्ट मी पुरा म्हटलाच नाही. व्हिज्युअल बेसिकच्या इंटिजरमध्ये ३२,७६७च्या वर आकडा मावत नाही. वर्षभर एका दिवसात एवढी फी कधी जमलीच नव्हती. हे मी दर बॅचला पहिल्या आठवड्यात शिकवायचो आणि परीक्षेत दोन मार्कांना विचारायचो. धावत जाऊन 'इंटिजर'चं 'लाँग' केलं, आता दोनशे चौदा कोटींपर्यंत चिंता नाही. बारावी पावती निघाली, तेरावी निघाली, पालक शांत झाले.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर लक्षात आलं, आपण काकांना साधं 'आभारी आहे'सुद्धा म्हटलं नाही. त्यांचं वाक्य अर्ध्यात, माझं वाक्य अर्ध्यात, आणि मी पाठ करून पळालो होतो. ओशाळून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काका शिक्का पुसत होते.

"काका, मघाशी मी तसाच निघून गेलो..."

"खिडकीत उत्तर पुरं ऐकून कोण जातंय, मास्तर? अर्ध्यात पळाला की समजायचं, याला गाडी मिळाली." त्यांनी शिक्का डबीत ठेवला, पाटी सरळ केली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत हाक मारली, "पुढचा!"

माझ्या मागे कोणीच नव्हतं.