वीज मुंबईला, टूं-टूं आम्हाला

इंडक्शनच्या काचेवर ‘ई’ आणि पुढे एखादा आकडा उमटला की घरात पहिला ठपका बसतो तो काच पुसणाऱ्या बाईमाणसावर. ‘काल तारेच्या घासणीने घासलीस ना?’ दुसरा ठपका दुकानदारावर, तिसरा चीनवर. नेरळपासून खोपोलीपर्यंत हाच क्रम ऐकत आलोय. बोर्डातला प्लग, दारातला खांब आणि कोपऱ्यावरची डीपी यांच्यावर संशय घेणारा मात्र विरळाच.

खरं तर विजेच्या बाबतीत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांनी ताठ मानेने बोलावं. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. एक खालापूर तालुक्यात, एक कर्जत तालुक्यात. घाटावर पूर्वेला, भीमेकडे निघालेलं पाणी अडवायचं, नळातून पाचेकशे मीटर खाली आपल्या दारात आणून आपटायचं आणि निघालेली वीज थेट मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची, असा सगळा बेत. गिरण्या गेल्या, मॉल आले, तारांची दिशा तीच राहिली. आपल्या वाट्याला पाताळगंगेत आणि पेज नदीत सोडलेलं, काम करून मोकळं झालेलं पाणी. (ग्रीडमध्ये सगळी वीज एकत्र होते आणि आपल्या तारेतली नेमकी कुठली हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही, हे ठाऊक आहे. पण म्हणून टोमणा वाया का घालवायचा?)

आता शनिवारची संध्याकाळ घ्या. हायवेवरून गाड्या उतरतात, बंगल्यांची फाटकं उघडतात, एकेका बंगल्यात चार-चार एसी, स्विमिंग पूलचा पंप, गिझर, सगळं एकदम सुरू. डीपी तीच. तारही तीच, जी कधीकाळी दहा बल्ब आणि दोन पंख्यांसाठी ओढली होती. तार लांब आणि बारीक, त्यातून करंट जास्त, म्हणजे वाटेतच व्होल्टेज गळणार. १९५६ च्या वीज नियमांनी घरगुती जोडणीला सहा टक्क्यांची सूट दिली होती. म्हणजे २३० चे २१६ झाले तर चालवून घ्या. लाइनच्या शेवटच्या घराने नियम वाचलेले नसतात, त्यामुळे तिथे दाब आणखी खाली गेला तरी कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते इंडक्शनचं.

जुनी कॉइलची शेगडी सोशीक होती. व्होल्टेज १६० वर आलं तर तिची उष्णता निम्म्यावर यायची, भात तासभर शिजत राहायचा, पण तक्रार नाही. इंडक्शनला हा सोशिकपणा शिकवलेला नाही. आत एक छोटा मेंदू बसवलाय. दाब सोसेना झाला की तो टूं-टूं करतो, काचेवर आकडा दाखवतो आणि संप करतो. तो यंत्राचा बिघाड नसतो. बाहेरच्या बिघाडाची बातमी असते. आणि बातमी देणाऱ्याचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचंही होतं: टाळक्यात दोन टपल्या.

आकड्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एकाचा ‘ई-१’ म्हणजे भांडं नाही, दुसऱ्याचा ‘ई-१’ म्हणजे दाब कमी. अर्थ सांगणारी पुस्तिका खोक्यात असते, खोकं माळ्यावर असतं आणि माळ्यावर उंदीर असतात. तरी मेकॅनिकला फोन करण्याआधी माळ्यावर चढावं. मेकॅनिक आला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘पीसीबी गेली, बदलायला लागंल.’ वीज जाऊन आली आणि शेगडी साफ मेली, तर पुष्कळदा फ्यूज आणि त्याच्या शेजारचा, जादा दाब अंगावर घेऊन जळणारा व्हॅरिस्टर एवढंच गेलेलं असतं. दोन्ही किरकोळ किमतीचे. म्हणून पावसाळ्यात ढग गडगडले की बटण बंद करून थांबू नये, प्लग उपटावा. मात्र स्वयंपाक नुकताच झाला असेल तर आतला पंखा थांबेपर्यंत धीर धरावा. तो कॉइल थंड करत असतो.

प्लगवरून आठवलं. दोन हजार वॅटची शेगडी पावणेनऊ अँपिअर खेचते. तिला जाड पिनांचा पॉवर प्लग लागतो. आपण तिला मोबाइल चार्जर, मिक्सर आणि देवघरातली माळ लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर बसवतो. प्लग बसत नसेल तर कापून उघड्या तारा भोकांत घालायच्या आणि काडेपेटीची काडी खोचायची, ही कला अजून जिवंत आहे. अर्थिंगची तार मागे दुमडून चिकटपट्टीने बांधलेली असते. मग शेगडीवरच्या स्टीलच्या भांड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या की पुन्हा चीन.

बंगल्यांतली गोष्ट निराळी. तिथे ओट्यात बसवलेला, काळ्या काचेचा, चार खणांचा हॉब असतो. बघणाऱ्याचा चेहरा त्यात दिसतो. पाहुणे येतात, हॉबचा फोटो काढतात आणि मागच्या पडवीत चुलीवरचं चिकन आणि तांदळाच्या भाकरीची ऑर्डर देतात. गेटवर तशी पाटीच असते. केअरटेकरची बायको फाटीचा धूर डोळ्यांत घेत भाकऱ्या थापते. तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवते, उलटते, मग निखाऱ्यापाशी उभी धरून फुगवते. हे शेवटचं काम काचेवर होत नाही, कारण तिथे आच अशी नसतेच. खालच्या तांब्याच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र तव्याच्या लोखंडात करंट फिरवतं आणि तवा आपला आपण तापतो. लोहचुंबक बुडाला चिकटला तर भांडं चालेल, निसटला तर नाही. ॲल्युमिनियमचे टोप त्यामुळे परीक्षेलाच बसू शकत नाहीत, आणि मधे खोलगट झालेला भाकरीचा तवा जेमतेम पास होतो.

असा न वापरलेला हॉब सहा महिन्यांनी एखाद्या मालकाच्या लहरीने चालू केला जातो आणि टूं-टूं. केअरटेकर सांगतो, ‘शेट, ती काच नुसती बोंबलते, पेटत नाय.’ खालचं कपाट उघडून पाहिलं तर पंख्याच्या जाळीत झुरळाची पिल्लं, सर्किटवर मुंग्यांची माती आणि दोन टोकांना चिकटून वाळलेली पाल. पालीने आत्मबलिदान करून शॉर्ट सर्किट केलेलं असतं. यावर उपाय इतकाच, की आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पाणी उकळावं आणि जाळीवर कोरडा ब्रश फिरवावा. पण मग फोटो काढायला काच तशी चकचकीत राहत नाही म्हणे.

काचेबद्दल थोडक्यात. ती ताप सोसते, ठोसा सोसत नाही. वरच्या फळीवरून मिठाची बरणी पडली की संपलं. तडा गेल्यावर चिकटपट्टी लावून दूध तापवू नये. ते दूध तड्यातून आत उतरतं आणि शॉक घेऊन बाहेर येतं. गुळाचा पाक सांडला तर तो थंड व्हायची वाट बघू नये. यंत्र बंद करून, हात सांभाळून, गरम असतानाच खरवडावा, नाहीतर काचेचा कपचा घेऊन निघतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात. तारेची घासणी नको, यात घरच्यांचं बरोबर होतं. पण ओरखड्यांनी ‘ई’ उमटत नाही.

आणि शनिवारी रात्री शेगडी पूर्ण दमात न लावता हजार-बाराशे वॅटवर ठेवावी. करंट कमी, तर तारेतली गळतीही कमी. कुकरची शिट्टी उशिरा होईल, पण होईल. टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर तिला जोडू नये, तो बिचारा स्वतःच वितळेल.

याउपरही तक्रार करायची हौस असेल तर करावी. तक्रार शनिवारी रात्री नोंदवली जाते. माणूस येतो सोमवारी अकरा वाजता. तोवर बंगल्यांची फाटकं बंद, गाड्या घराकडे, एसी थंड. तो मीटर लावतो, आकडा येतो २३२. वहीत लिहितो, ‘दाब योग्य. ग्राहकाची शेगडी तपासून घ्यावी.’ खाली सही आपलीच.